पाण्याची रेघ

आम्ही तेव्हा बदलापूर पश्चिमेला, रमेशवाडीत, तळमजल्यावर राहत होतो. 26 जुलै 2019च्या रात्री उल्हास नदी घरात आली. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तीच ही रात्र. आम्ही कागदपत्रं, औषधं आणि देव्हाऱ्यातले देव घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. पहाटे जिन्यातून वाकून पाहिलं तेव्हा आमच्या दाराची कडी पाण्याखाली होती आणि पॅसेजमध्ये कुणाची तरी हिरवी बादली आपल्याभोवती गोल गोल फिरत होती. कुठेच आवाज नव्हता. नदी घरात असताना घर इतकं शांत होतं हे मला त्या दिवशी कळलं.

पाणी उतरलं. चिखल उपसला. आठ दिवस आम्ही भिंती घासत होतो. नंतर पंचनाम्याला माणूस आला, त्याने भिंतीला टेप लावला आणि कागदावर लिहिलं : पाण्याची उंची चार फूट दोन इंच.

ती रेघ मी नंतर कितीतरी दिवस पाहत राहिले. स्वयंपाकघरातून निघून ती बाहेरच्या खोलीत यायची, दाराच्या चौकटीवर खंड न पडता पुढे जायची, मोरीच्या फरशीवर जरा पुसट व्हायची आणि पलीकडच्या खोलीत पुन्हा ठळक. गवंडी दोन टोकांची पातळी जुळवायला पारदर्शक नळीत पाणी भरून बघतात. इथे मधली नळीही नव्हती, पाण्याने स्वतःच येऊन पातळी दाखवली होती. जवळून पाहिलं तर ती एक रेघ नव्हतीच. वरची कडा पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक, तपकिरी. तिच्याखाली बोटभर रुंदीचा पिवळट पट्टा. मग एक फिकी रेघ, तिच्याखाली आणखी एक, तिसरी अर्धीच. पूर एकदम उतरत नाही. थांबत थांबत उतरतो, आणि जिथे थांबतो तिथे गाळ ठेवून जातो.

रंगारी आला तो भिंतीवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, ओल आतून येतेय. आत्ता हात मारला तर पैसे पाण्यात. दिवाळी होऊ द्या." दिवाळीनंतर त्याने लांबी भरली, प्राइमर दिला, दोन हात मारले. पुढच्या पावसाळ्यात आषाढ संपता संपता रेघ पुन्हा वर आली. आधीपेक्षा फिकी, पण तिथेच.

कपाट आणि भिंत यांच्या फटीत माझे अकरा कॅनव्हास ठेवलेले होते. लहान होते ते पूर्ण बुडाले. तीन कॅनव्हास पाच फुटी होते, ते फटीत अडकून उभेच राहिले, आणि त्यांच्यावरही चार फूट दोन इंचांवर तीच रेघ उमटली. मी ते उन्हात टाकले. कॅनव्हास सैल पडला होता, मागून बुरशी धरली होती, रंगाला सुरकुत्या आल्या होत्या. रडू आलंच. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्याकडे बघताना दुसरंच काही लक्षात आलं, आणि ते मान्य करायला मला पुष्कळ वेळ लागला. त्या चित्रांत मी ओढलेल्या जेवढ्या रेघा होत्या, त्यांतली एकही नदीच्या रेघेइतकी खरी नव्हती.

मी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवते, स्थिरचित्रात मडकं आणि वांगं मांडते, संकल्पचित्राचे चौकोन आखून देते. घरी येऊन मात्र गेली पंधरा-सतरा वर्षं अमूर्त चित्रं काढते. पुरापर्यंतची माझी चित्रं म्हणजे मी पाहिलेली चित्रं होती. त्यांत गायतोंडे होते, थोडे कोलते होते, राझांचा एखादा वर्तुळाचा मोह होता. जहांगीर आर्ट गॅलरीतून मी काहीतरी डोळ्यांत भरून आणायची, बदलापूर लोकलने अडुसष्ट किलोमीटर ते सांडू न देता घरी यायचं आणि कॅनव्हासवर ओतायचं. मधली स्टेशनं, नदी, आमची गल्ली यांतलं काही चित्रासाठी पाहायचं असतं हे डोक्यातच नव्हतं. कल्याणच्या पुढे कलेचं काही असतं असं आमच्याकडे कुणी मानतही नाही.

वासुदेव गायतोंड्यांबद्दल मी तेव्हा एवढंच धरून बसले होते की ते रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचे, थरावर थर द्यायचे, आणि आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्यापेक्षा 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणणं पसंत करायचे. रोलर मीही आणला. पण त्यांनी मोजकीच चित्रं केली आणि बाकीचा वेळ ते नुसते बघत बसायचे, हे मी वाचून सोडून दिलं होतं. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमधल्या स्टुडिओतून त्यांना समुद्र दिसायचा. क्षितिजाची आडवी रेघ आणि तिच्या वरखाली बदलत जाणारा उजेड, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. मी त्यांच्या समुद्राची रेघ उसनी घेऊन बसले होते आणि माझी नदी माझ्या घरामागून वाहत होती.

प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' 1990 साली आलं. मराठीत एखाद्या चित्रकाराने आपलं पाहणं इतकं उलगडून क्वचितच लिहिलं असेल. बरवे अलिबागजवळच्या नागावचे. विणकर सेवा केंद्रात त्यांनी अनेक वर्षं नोकरी केली, आणि चित्रांत घड्याळ, पान, पिन अशा घरात कुठेही पडलेल्या वस्तू आणल्या. रंगसुद्धा पुष्कळदा दाराखिडक्यांना देतात तसला एनॅमल. ते पुस्तक माझ्याजवळ होतंच, पुरात भिजलं. पानं एकेक सुटी करून दोरीवर वाळत घालताना मी ते दुसऱ्यांदा वाचलं, आणि पहिल्यांदा माझ्या उपयोगाला आलं.

मग मी मागे जाऊन शोधायला लागले. माझ्या डोळ्यांत खरोखर काय आहे? गॅलरीतून आलेलं सोडून, माझं.

सगळ्यात आधी सापडला तो लोखंडाचा कीस.

बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत लेथवर होते. एरवी आम्हाला शॉपमध्ये प्रवेश नव्हता. दसऱ्याला मात्र मशिनं पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून पूजा व्हायची आणि कामगारांच्या घरच्यांना आत घ्यायचे. पेढे, नारळाचा प्रसाद, तेलाचा वास, आणि कोपऱ्यात पत्र्याच्या पेटाऱ्यात भरून ठेवलेला कीस. लांबच लांब, कुरळा, स्प्रिंगसारखा. मी सात-आठ वर्षांची असेन. त्यात निळा दिसला. नुसता निळा नव्हे, एकाच वेटोळ्यात गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग असा निळा की मी हात घातला आणि बोट कापून घेतलं. बाबांनी बोट चोखलं, हळद लावली आणि म्हणाले, "रंग नाही दिलेला त्याला कुणी. तापल्यावर येतो तो. रंगावरून कळतं किती तापलंय ते."

हे मला नंतर नीट समजलं. पोलादाचा पृष्ठभाग तापला की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. त्या थराच्या जाडीप्रमाणे उजेड वेगवेगळा परततो आणि रंग दिसतात. साधारण 220-230 अंशांना गवती पिवळा, 280च्या आसपास जांभळा, 300जवळ निळा. पुढे तापवलं तर रंग जातो, करडं होतं. आयटीआयच्या मुलांना हा तक्ता शिकवतात. कुठल्याही चित्रकलेच्या वर्गात मला रंगाबद्दल इतकी खरी गोष्ट कुणी शिकवली नाही : की रंग हा वस्तूवर काय बेतलं त्याची नोंद असतो. आकाश दाखवायला निळा, माती दाखवायला तपकिरी हे मुलांना मीच शिकवत आले. त्या किसातला निळा कशासारखाही नव्हता, तरी त्याला अर्थ होता, आणि तो अर्थ बाबांना वाचता येत होता.

पुरानंतरच्या हिवाळ्यात मी एक लांबट आडवं चित्र केलं. डावीकडून उजवीकडे रंग तापत जातो, एवढंच. पिवळा, तांबूस तपकिरी, जांभळा, निळा, आणि उजव्या टोकाला राख. एका जागी, मध्याच्या थोडं पुढे, जांभळा सोडून मी एकदम निळ्यावर गेले होते. का ते मलाच सांगता आलं नसतं. बाबा तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. माझ्या चित्रांपुढे ते आजवर आदराने आणि गप्प उभे राहायचे, परक्या देवळात उभं राहावं तसे. हे चित्र त्यांनी चष्मा वर करून, जवळ जाऊन, टोकापासून टोकापर्यंत पाहिलं. मग त्या एका जागेवर बोट ठेवून म्हणाले, "इथं कट जास्त घेतलास."

लेथवर टूल एका फेरीत जास्त खोल घातलं की उष्णता एकदम चढते. त्यांना चित्रात तेवढंच दिसलं आणि ते बरोबर होतं. मी तिथे खरंच जास्त घेतलं होतं. चित्र काय आहे, असं त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.

आईचा रंग वेगळा होता. लहानपणी आम्ही उल्हासनगरला कॅम्प नंबर चारात, मराठा सेक्शनला राहायचो. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची कल्याण छावणी. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेल्या माणसांना त्या बराकींमध्ये जागा मिळाली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. एक ते पाच कॅम्प हे आकडे मात्र लोकांच्या तोंडी राहिले. मला तिथलं आठवतं ते जीन्सच्या गठ्ठ्यांवरून. पाच नंबरात कारखाने होते. तिथून शिवून झालेल्या पँटी दोरीने बांधून घरोघर यायच्या आणि बायका त्यांचे सुटलेले धागे कापायच्या. नगावर पैसे. आई दुपारचं आवरून भिंतीला टेकून बसायची, मांडीवर पँट, हातात ती छोटी दाबायची कात्री, आणि समोर रेडिओ. संध्याकाळी तिचे तळवे निळे झालेले असायचे. ती टेकायची तिथली भिंत निळी. पदराचा काठ निळा. पोळ्या लाटायच्या आधी ती साबणाने दोनदा हात धुवायची तरी नखांच्या कडेला निळं राहायचंच.

डेनिमचा निळा हातावर का उतरतो त्यालाही कारण आहे. नीळ धाग्याच्या आतपर्यंत जात नाही. धाग्याला बाहेरून लपेटून बसते, गाभा पांढराच राहतो. घासलं की वरचं निघतं आणि आतलं पांढरं दिसायला लागतं. म्हणून जीन्स गुडघ्यावर आधी विटते. जो माणूस जसा बसतो, जिथे हात पुसतो, ज्या खिशात रोज किल्ल्या ठेवतो, तसं त्याच्या पँटीवर चित्र उमटत जातं. मी आता कॅनव्हासला पांढरा जाड थर देते, त्यावर निळ्याचे पाच-सहा पातळ थर, आणि पूर्ण वाळल्यावर आईच्या बसण्याच्या जागी भिंत जशी घासली जायची तसे पॉलिश पेपरने ते थर घासते. दोन्ही खांद्यांची जागा, डोक्याची जागा. आकृती काढत नाही. घासते फक्त. पांढरं आतून वर येतं. माझ्या आईचं दुसरं कुठलंही चित्र मला काढता आलेलं नाही.

पण त्याच निळ्याने मला एकदा खाली मान घालायला लावली आहे, तेही सांगायला हवं.

जीन्स शिवली की धुवायला जायची. मोठाल्या ड्रममध्ये, दगड टाकून, रसायनं टाकून. ते पाणी नाल्यांतून वालधुनी नदीत यायचं. वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहत येते, तिथल्या रासायनिक कारखान्यांजवळून जाते, मग उल्हासनगरच्या मधून, आणि कल्याणजवळ खाडीला मिळते. आमच्या लहानपणी पुलावरून जाताना आम्ही तिचा आजचा रंग कोणता यावर पैजा लावायचो. निळा, काळा, एकदा चक्क गुलाबी. पुढे शिकत असताना मी त्या पुलावरून जलरंगात एक चित्र केलं. पाण्यावर निळ्या-काळ्याची जी नक्षी तरंगत जायची ती, जवळून, काठ न दाखवता. सगळ्यांनी वाखाणलं. शाळेत लागल्यावर मी ते वर्गात मुलांना दाखवायला नेलं. म्हटलं, बघा, रोजच्या पाहण्यात केवढं सौंदर्य असतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती नदीकाठच्या वस्तीत राहायची, हातापायांवर कायम खरजेच्या खुणा. भांडायला उभी राहिली नव्हती. मला माहीत नसेल असं वाटून तिने सांगितलं, "बाई, ते विषारी पाणी आहे. आमच्यात कोण त्यात पाय पण घालत नाही."

मी चित्र गुंडाळून ठेवलं. ते पुन्हा कधी भिंतीवर लावलं नाही.

नंतर न्यायालयाचे आदेश झाले, जीन्स धुण्याचे पुष्कळ कारखाने बंद पडले, काही आडबाजूला गेले. नदी अजून नदीसारखी झालेली नाही. आणि मला तो प्रश्न सुटलेला नाही. अमूर्त चित्रकार वस्तूचं नाव काढून घेतो. घाणीचं नाव काढून घेतलं की मागे नुसती सुंदर निळी नक्षी उरते. ही फसवणूक फार सोपी आहे. भिंतीवरचे पोपडे, गंजलेला पत्रा, कचऱ्याचा ढीग, सगळ्यांचे जवळून फोटो काढा, सगळे देखणे दिसतात. मला वाटतं, नाव काढायला हरकत नाही, पण त्याबरोबर वासही धुऊन टाकला तर ते चित्र खोटं. वास कसा ठेवायचा याचं उत्तर शोधताना मला गच्चीवर डांबर सापडलं.

आमच्याकडे पाऊस फार. मे महिन्यात गच्च्यांवर डांबर तापवून भेगा भरायची धांदल असते. डांबर वरून वाळल्यासारखं दिसलं तरी आत ओलसर राहतं, ऊन लागलं की पाझरतं. युरोपात एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनी गडद तपकिरीच्या मोहाने डांबर वापरलं आणि त्यांची किती चित्रं तडकून काळवंडून गेली. त्यांचा दोष मला उपयोगी पडला. मी फळीवर डांबराचा थर दिला, महिनाभर ठेवला आणि त्यावर वालधुनीचा तो निळा दिला, जितका सुंदर देता येईल तितका. पहिल्या उन्हाळ्यात त्याला केसाएवढ्या चिरा गेल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या चिरांतून काळं वर आलं. त्या फळीजवळ उभं राहिलं की अजून वास येतो. हे चित्र मी भिंतीवर लावलं आहे.

अंबरनाथचं शिवमंदिर माझ्या वाटेवरचं आहे, तरी त्याच्याबद्दल लिहायला मी कचरते, कारण जाणत्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. शके 982चा, म्हणजे 1060 सालचा शिलालेख, शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ, भूमिज शैली, अर्धवट राहिलेलं शिखर. चित्रकलेच्या माणसाला त्यातली एक गोष्ट ठाऊक असावी : 1868 साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची मंडळी इथे तळ देऊन राहिली होती. त्यांनी मूर्तींची रेखाटनं केली, साचे घेतले. अंबरनाथला चित्र शिकायला येण्याची रीत अशी दीडशे वर्षांची आहे. त्या मुलांना मूर्तीचा आकार टिपायचा होता. मी जाते ती आकार गेला आहे तिथे बसायला.

बाहेरच्या भिंतीवर, खालच्या अंगाला, अशा आकृती आहेत की ज्यांचं आता काही ओळखू येत नाही. साडेनऊशे पावसाळ्यांनी नाक, बोटं, दागिने, शस्त्रं सगळं धुऊन नेलं. राहिला आहे तो एक फुगवटा, एक खोलगट सावली, कमरेचा बाक. देव की यक्ष, की नुसती दासी, सांगता येत नाही. तरी तिथे कुणीतरी उभं आहे याबद्दल शंका येत नाही. पावसाळ्यात काळा दगड भिजून चकाकतो तेव्हा फुगवटे पुढे येतात, दुपारच्या उन्हात मागे जातात. अमूर्त म्हणजे काय असं मुलं विचारतात तेव्हा मी फळ्यावर काही काढत नाही. त्यांना तिथे घेऊन जाते आणि त्या झिजलेल्या दगडावर तळहात ठेवायला सांगते. मग आत जातो. गाभारा खाली आहे, वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. वरून आभाळाचा उजेड येतो आणि खाली येईतो त्याचं वजन बदलतं. मुलं आपोआप हळू बोलायला लागतात.

एकदा त्यांना गृहपाठ दिला : घरातली अशी एक जागा शोधा जिला नाव नाही, आणि तिचा रंग कागदावर आणा. फोटो चालणार नाही. दुसऱ्या दिवशी जे आलं ते मी अजून फाईलला लावून ठेवलं आहे. तव्याच्या खालच्या अंगाची काजळी कागदाला घासून आणलेली. शिलाई मशिनखाली तेल गळून गळून फरशीवर पडलेला डाग, त्यावर कागद दाबून. दारामागे आजोबा रोज डोकं टेकतात तिथला तेलकट अर्धगोल. तो आणता येईना म्हणून त्या मुलाने कागदाला खोबरेल तेल लावून आणलं होतं. एकीने जूनमधल्या जांभळांचा सडा आणला. आमच्या बदलापूरची जांभळं नावाजलेली, झाडाखालचा रस्ता महिनाभर जांभळा असतो. तिने कागद रस्त्यावर ठेवून त्यावरून शाळेत जाणारी माणसं जाऊ दिली होती. चपलांचे ठसे, रिक्षाच्या चाकाची एक नागमोड, आणि मध्ये एक अख्खं जांभूळ चिरडलेलं. त्या कागदापुढे मी बराच वेळ बसले. तिला पैकीच्या पैकी दिले.

मी स्वतः एक वही ठेवते. तिच्यात चित्रं कमी, वाक्यं जास्त. 'विठ्ठलवाडी, सकाळ, पाऊस. खिडकीची जाळी, जाळीतून करडं, करड्यात मधेच एक पिवळी छत्री, गेली.' 'मलंगगड आज अर्धाच. वरचा अर्धा कुणी पुसला.' 'फर्निचर बाजार, भुसा. ओल्या सागाचा आणि प्लायचा भुसा एका ढिगात, सीमा दिसते.' मोबाइलने फोटो काढत नाही. फोटोत सगळंच येतं. वहीत तेवढंच येतं जेवढं संध्याकाळी घरी पोचेपर्यंत माझ्यात टिकलं. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं टेकून, ओढणी सावरत, जे टिकतं ते चित्राला पुरतं. लोकलचा हा रोजचा गाळणा मला आता उपयोगाचा वाटतो. ज्यांना घराशेजारी स्टुडिओ आहे त्यांचा मी पूर्वी हेवा करायची.

पुराच्या रेघेवर मी चार वर्षांत नऊ चित्रं केली. पहिल्यासाठी बाजारातला रॉ अंबर आणि यलो ऑकर मिसळून पाहिला. रंग जवळ आला, पण ती नदी नव्हती. मग कपाट सरकवताना त्याच्या पायांखाली पुराचा वाळलेला गाळ सापडला, मूठभर. तो वरवंट्याने कुटला, चहाच्या गाळणीतून आणि मग आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळला. इतका बारीक निघाला की बोटांच्या रेषांत बसला. फेविकॉल आणि पाणी घालून पातळ केला. कॅनव्हास जमिनीवर उभा केला, आणि ब्रश बाजूला ठेवला. ब्रशची रेघ हाताची दिसते, हात थरथरतो, जोर देतो, आपलं असणं जाणवून देतो. पुरात कुणाचाही हात नव्हता. म्हणून पत्र्याचा उथळ हौद करून घेतला, त्यात गाळाचं पाणी भरलं, कॅनव्हास त्यात उभा ठेवला आणि तळाची तोटी थोडी थोडी उघडत गेले. थोडं पाणी सोडायचं, थांबायचं. तासभर. पुन्हा सोडायचं. पाणी जिथे थांबलं तिथे रेघ धरत गेली, बारीक, तपकिरी, खाली पिवळट पट्टा घेऊन. मी नुसती बाजूला पाटावर बसून होते. रात्री अडीच वाजले होते. त्या नदीला मी चार वर्षं भीत होते. त्या रात्री पहिल्यांदा तिच्याशेजारी बसले.

आता आम्ही पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहतो. रमेशवाडीच्या घरात दुसरं कुटुंब आहे. त्यांनी भिंतींना फिका आकाशी रंग दिला आहे आणि पावसाळ्यात अजून रेघ दिसते असं त्या ताई सांगत होत्या.

ही नऊ चित्रं वेगवेगळ्या मापांची आहेत. कुणाकडे किंवा कुठल्या दालनात लावायची झाली की मी स्वतः जाते आणि खिळा मारण्याआधी टेप लावून मोजते. चौकट वर जावो की खाली, रेघ जमिनीपासून चार फूट दोन इंचांवर यायला हवी.